नकाशावरचा ठिपका

त्या सकाळी माझ्यासमोर चाळीस अंगाईगीतं होती आणि संध्याकाळी सहाच्या आत त्यांच्या नोंदी पक्क्या करून द्यायच्या होत्या.

मी एका ध्वनिसंग्रहात नोंदी लिहिते. जगभरातलं लोकसंगीत लोकांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून आमचा संग्रह ऑनलाइन आहे. गाणं कुठलं, भाषा कोणती, कोण गातंय, कोणी आणि कधी टिपलं, हे सगळं तपासून चार-पाच ओळींत मांडायचं, हे माझं काम. एका संस्थेनं आमच्याकडून अंगाईगीतांचा संच मागितला होता. पडद्यावर जगाचा नकाशा, त्यावर चाळीस ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथली अंगाई ऐकू येणार. कल्पना मला मनापासून आवडली होती, म्हणून हे काम मी मागून घेतलं होतं.

सतराव्या ओळीत लिहिलं होतं: ‘पिग्मी अंगाई, मध्य आफ्रिका. गायिका: अज्ञात. साल: अज्ञात.’

ही नोंद नवी नव्हती. वर्षभरापूर्वी एका संगीतप्रेमीनं जमवलेल्या फाइलींचा मोठा गठ्ठा आमच्याकडे आला होता, त्यातली ती होती आणि तेव्हा मीच ती मंजूर केली होती. सोबत आलेलं वर्णन जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. तेव्हा ते गाणं मी पूर्ण ऐकलंही होतं. एका बाईचा एकटा आवाज, साथीला काही नाही, मध्येच श्वास घेतल्याचा आवाज. फार गोड वाटलं होतं, आणि त्या गोडव्यातच मी पुढं गेले होते.

या वेळी थांबले त्याला कारण होतं. मधल्या वर्षात मी मध्य आफ्रिकेतल्या वनवासी समाजांचं गाणं भरपूर ऐकलं होतं. ‘पिग्मी’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्या लोकांची स्वतःची नावं अका, बाका, म्बुटी अशी आहेत आणि त्यांच्या भाषाही एकमेकींपासून वेगळ्या आहेत. अका लोकांची भाषा बांटू कुळातली, बाकांची उबांगी कुळातली. मात्र कानाला पहिल्यांदा जाणवतं ते त्यांचं एकत्र गाणं. एक जण सूर लावतो, दुसरा त्याच्या फटीत आपला सूर बसवतो, तिसरी छातीतल्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात उडी घेते, आणि बघता बघता आवाजांची चटई विणली जाते. शब्द थोडे, नुसते स्वरच फार. सिम्हा आरोम या संशोधकानं ही वीण उलगडण्यासाठी एक युक्ती काढली होती. एका गायकाचा भाग आधी टिपायचा, तो हेडफोनवर दुसऱ्याला ऐकवत त्याचा भाग वेगळा टिपायचा, मग तिसऱ्याचा. अकांचं हे बहुस्वरी गायन २००३ साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केलं.

त्यांच्यातला एक प्रकार तर मी दिवसेंदिवस ऐकत बसले होते. एकच सूर देणारी छोटी पुंगी असते, हिंदेवू. एक सूर पुंगीतून, लगेच दुसरा गळ्यातून, परत पुंगी, परत गळा. इतक्या झपाट्यानं की कुठला सूर कुठून आला ते कळू नये. १९६६ साली आलेल्या, मध्य आफ्रिकेतल्याच बा-बेंझेले लोकांच्या ध्वनिमुद्रिकेत तो आहे. त्यावरूनच सुचून १९७३ साली अमेरिकन जॅझ वादक हर्बी हॅनकॉकच्या ‘वॉटरमेलन मॅन’ या रचनेच्या नव्या रूपाची सुरुवात बाटलीत फुंकून केली गेली. अशा धाग्यांमागून जाण्याची मला ओढ आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठीच्या उपक्रमात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या सरकारी आकाशवाणीची ९,०००हून अधिक गाणी ऐकण्यासाठी ऑनलाइन ठेवली गेली. सीएनआरएस ही फ्रान्सची सरकारी संशोधन संस्था आणि पॅरिसचं म्युझे द लोम हे मानव-संग्रहालय यांचा ध्वनिसंग्रह २०११ पासून ऑनलाइन आहे. कुठल्याशा गावात कोणी मेणाच्या नळकांड्यावर टिपलेला आवाज रात्री अकरा वाजता आपल्या कानात उतरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. पण अशा चांगल्या संग्रहांत आवाजाबरोबर टिपण येतं: कोणता समाज, कोणतं गाव, कोणता प्रसंग, कोण गातंय. माझ्या सतराव्या ओळीला ते टिपणच नव्हतं.

म्हणून मी ती फाइल आणि अकांची ध्वनिमुद्रणं एकाआड एक लावून ऐकायला लागले. जुळत नव्हतं. अका आईही बाळाला एकटीच गाऊन झोपवत असेल, त्यामुळे एकटा आवाज हा काही पुरावा नाही, हे मी स्वतःला बजावत होते. तरी इथं शब्द दाट होते, ओळीमागून ओळ येत होती, कोणीतरी कोणाला काहीतरी समजावून सांगत होतं.

तेवढ्यात आमच्याकडचा ध्वनितंत्रज्ञ खोलीत आला. वयानं माझ्याहून बराच लहान, मला ताई म्हणतो. स्पीकरवर पहिली ओळ संपली, आणि दुसरी सुरू होण्याआधीच त्यानं ती गुणगुणली. अगदी वळणासकट.

मी फाइल थांबवली. “तुला ही चाल कशी माहीत?”

“ऐकलीय की, ताई. लहानपणी. खाली ठेका होता, बरीच वाद्यं होती. कुठली ते नाही सांगता येणार.”

वर्णन लिहून शोधण्यापेक्षा त्यानं फोनवर चाल गुणगुणून शोधली. पाच मिनिटांत नाव समोर आलं: डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीचं १९९२ सालचं ‘स्वीट ललबाय’. ठेक्याखाली, कळफलकांच्या सुरावटीखाली, तोच आवाज होता. त्या अल्बमची ओळख मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या आवाजांशी जोडलेली होती, म्हणजे आमच्या फाइलीवरचं ‘पिग्मी’ बहुधा तिथूनच आलं असणार. क्षणभर मला हायसं वाटलं. मग मूळ ध्वनिमुद्रणाचा माग काढायला बसले आणि ते हायसं वाटणं संपलं.

तो आवाज आफ्रिकेतला नव्हता. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांमधल्या मलाइता बेटावरचा, बाएगू लोकांमधला होता. गाणाऱ्या बाईंचं नाव आफुनाक्वा. १९७० साली ह्यूगो झेम्प या संगीत-मानवशास्त्रज्ञानं त्यांना टिपलं, आणि १९७३ साली युनेस्कोच्या ध्वनिमुद्रिकांच्या मालिकेत फातालेका आणि बाएगू संगीताच्या तबकडीवर ती अंगाई आली. तिचं नाव ‘रोरोग्वेला’. पुढं १९९६ साली नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी तीच चाल आपल्या अल्बमवर वाजवली तेव्हा तिचं शीर्षक ‘पिग्मी ललबाय’ झालं होतं. त्याच वर्षी झेम्प यांनी या सगळ्या प्रकारावर लेख लिहिला. २००० साली स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकानंही त्यावर सविस्तर लिहिलं. म्हणजे चूक कधीच दाखवून दिलेली होती. ज्याला वाचायचं होतं त्याला ती सापडत होती. मी वाचलं नव्हतं.

मध्य आफ्रिका ते मलाइता हे अंतर १५,००० किलोमीटरहून जास्त आहे. तेवढ्या लांब मी एका माणसाला नेऊन ठेवलं होतं आणि वर ‘अज्ञात’ असा शिक्का मारला होता.

तरी लेखातलं वाचून नोंद बदलणं बरोबर नाही, आपली फाइल खरोखर तीच आहे का हे आपल्या कानांनी ठरवायला हवं. प्रकाशित ध्वनिमुद्रण मिळवलं आणि दोन्ही फाइली एकाखाली एक लावल्या. लहरींची चित्रं बसेनात. आमची फाइल आधीच संपत होती, आणि पट्टीही चढी होती. तंत्रज्ञानं पियानोच्या पट्टीवर सूर पडताळून पाहिला तर फरक जवळपास अर्ध्या स्वराचा निघाला. अर्धा स्वर चढा म्हणजे वेग सुमारे ६ टक्के जास्त. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना असं सहज होतं, यंत्र थोडं जोरात फिरलं की आवाज चढतो आणि गाणं आखडतं. त्यानं आमची फाइल तेवढी मंद केली. पहिला श्वास दुसऱ्या फाइलीतल्या श्वासाखाली येऊन बसला. मग दुसरा. मग एका शब्दाच्या शेवटी आवाज किंचित विरतो ती जागा. दोन्ही स्पीकर चालू होते आणि खोलीत एकच बाई गात होती.

वर्षभर आम्ही त्यांचा आवाज त्यांच्या वयापेक्षा तरुण करून ऐकवत होतो. मूळ वेगात तो जास्त भरीव आहे, जरा थकलेला आहे. मला तो कितीतरी जास्त आवडला.

शब्दांचा आशय वाचायला मिळाला तो दुपारी. आई बाळाला गातेय असं मी धरून चालले होते. या गाण्यात आई नाहीच. मोठं भावंड धाकट्याला समजावतंय. रडू नको, तुला उचलून घ्यायला आता दुसरं कोण आहे, आपण दोघंही पोरके झालोय. आणि मेलेल्यांच्या बेटावरून त्यांचा आत्मा आपल्याकडे लक्ष ठेवील, असा धीर. मी हेडफोन काढून ठेवले आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. ज्या गाण्याला मी ‘गोड’ म्हणून पुढं सरकवलं होतं, ते हे होतं.

चारच्या सुमाराला संस्थेच्या समन्वयकांना फोन केला. त्या शांतपणे ऐकून घेत म्हणाल्या, “पण मॅडम, आवाज तर तोच आहे ना? ऐकणाऱ्याला काय फरक पडणार? आता ठिपका हलवला तर मध्य आफ्रिका रिकामी पडेल.”

त्यांची अडचण खरी होती, उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मला एकदम व्हॉयेजरची तबकडी आठवली. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या, पृथ्वीवरचे आवाज भरलेल्या त्या सोनेरी तबकडीच्या यादीत केसरबाई केरकरांचं नाव आहे, ‘जात कहाँ हो’ कोणी गायलं ते तिथं स्वच्छ लिहिलेलं आहे. आपण ते नाव किती अभिमानानं सांगतो! त्याच यादीत झाईरच्या (आताच्या काँगोच्या) पिग्मी मुलींच्या दीक्षाविधीचं ५६ सेकंदांचं गाणं आहे. तिथं टिपणारा म्हणून मानवशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल यांचं नाव आहे, गाणाऱ्या मुलींपैकी एकीचंही नाही. सॉलोमन बेटांच्या पाव्यांचा तुकडाही तिथं आहे, तो तिथल्या नभोवाणीनं जमवलेला म्हणून नोंदलाय, वाजवणारे कोण ते नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, “केसरबाईंच्या आवाजावर कोणी दुसऱ्याच देशाचं नाव टाकलं, आणि गायिका अज्ञात असं लिहिलं, तर आपल्याला चालेल का?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “हलवा ठिपका.”

पण मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगताना माझाच आवाज खाली गेला. ठिपका हलवूनही उद्या गाणं वाजवता येणार नव्हतं. आमची फाइल कोणाकडून कोणाकडे गेली याचा पत्ता नव्हता, आणि प्रकाशित ध्वनिमुद्रणाची रीतसर परवानगी आम्ही मागितलेली नव्हती. या गाण्याचा इतिहास वाचल्यावर परवानगीशिवाय ते वाजवणं माझ्यानं झालं नसतं. त्या नाराज झाल्या. नाराज होण्याचा त्यांना हक्क होता. चूक आमच्या नोंदीत होती, म्हणजे माझी होती, आणि तसं लेखी कळवलं.

संच एकोणचाळीस गाण्यांचाच निघाला. मध्य आफ्रिका आणि सॉलोमन बेटं, दोन्ही जागा नकाशावर कोऱ्या राहिल्या. अकांची एखादी अंगाई घाईघाईनं शोधून तिथं लावावी असा मोह झाला होता, तंत्रज्ञानं दोन सुचवल्याही, पण त्या खरोखर बाळाला निजवायच्या आहेत की आणखी कशाच्या, हे संध्याकाळी सहापर्यंत ठरवता येण्यासारखं नव्हतं.

परवानगीला सात आठवडे लागले. पत्र आलं त्या दिवशी मी जुनी नोंद पुसली आणि नवी लिहायला घेतली. तंत्रज्ञ मागं येऊन उभा राहिला, कारण ध्वनी त्यानं बसवला होता, मूळ वेगात, सुरुवातीच्या श्वासासकट. शीर्षक: रोरोग्वेला. भाषा: बाएगू. ठिकाण: मलाइता, सॉलोमन बेटं. ध्वनिमुद्रण: ह्यूगो झेम्प, १९७०. आशय: पोरक्या धाकट्या भावाची समजूत काढणारं मोठं भावंड.

‘गायिका’ची चौकट मी सगळ्यांत शेवटी भरली. त्यानं ते नाव पडद्यावरून हळू वाचलं, “आ-फु-ना-क्वा.” मग मला विचारलं, “ताई, जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा?” मलाही माहीत नव्हतं. ते विचारायला त्याच संध्याकाळी आम्ही आणखी एक पत्र लिहायला बसलो.