फूड ट्रकचा विझणारा ओव्हन आणि एम्पनाडा

बीड बायपासला एक पोरगा फूड ट्रक लावतो, त्याचा दुपारीच फोन आला, काका ओव्हन परत विझायलाय, तेवढं येऊन जा ना. हॉटेल-बेकऱ्यांचे ओव्हन, फ्रायर दुरुस्त करणं हाच माझा धंदा, पण संभाजीनगरात फूड ट्रकवाले म्हणजे सगळा तवा नायतर कढई, ओव्हन कोण ठेवतंय. म्हणून जरा नवल वाटलं आणि गेलो.

आधीचा मिस्त्री थर्मोकपल, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर गॅस चालू ठेवणारा पार्ट, बदलून पैसे घेऊन गेला होता, तरी रोज संध्याकाळी ऐन गर्दीत तेच रडगाणं. मी पायलट, म्हणजे ओव्हनची कायम जळणारी बारीक ज्योत, पेटवला, नॉब सोडला, ओव्हन चालू. बराच वेळ बसून राहिलो तरी चालूच. पोरगं म्हणलं, काका तुम्हाला बघून घाबरला वाटतं. मग त्यानं कांदा परतायला घेतला, धूर नको म्हणून एक्झॉस्ट लावला आणि थोड्याच वेळात ओव्हन फुस्स.

तिथंच डोक्यात आलं. ट्रकचं दार बंद, बायपासची धूळ नको म्हणून खिडकीपण ओढून घेतलेली, म्हणजे पंखा आतली हवा बाहेर फेकणार तर तेवढी आत यायला वाट कुठंय? देवाजवळची उदबत्ती घेऊन ओव्हनच्या धुरांड्यापाशी धरली, धूर वर जायचा सोडून सरळ आत ओढला जायला लागला. पायलटची ज्योत त्या उलट्या हवेनं वाकडी होऊन थर्मोकपलच्या टोकावरनं बाजूला सरकत होती. ते टोक तापलेलं असलं की 25-30 मिलिव्होल्ट तयार होतात, तेवढ्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, टोक गार पडलं की गॅस बंद. म्हणजे ओव्हन बिचारा त्याचं काम बरोबर करत होता आणि पार्ट बदलून काय घंटा फरक पडणार होता. दाराला खालून जाळीचं भोक पाडलं, धुरांड्यावर पत्र्याची टोपी बसवली आणि पंखा फुल लावून बघितलं, ज्योत जागची हलली नाही.

मग तो म्हणला, एम्पनाडा खाऊन जा, म्हणजे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेली करंजीच. क्रूझवर किचनला असताना अर्जेंटिनाच्या तुकुमान भागातल्या एका कुकनं त्याला ते शिकवलेलं. तिकडं बीफ घालतात, ते पण हातानं बारीक चिरून, खिमा नाही. आपल्याकडं 2015 पासून गोवंशबंदी, म्हणून हा मटण चिरतो. कांदा, जिरं, उकडलेलं अंडं, कांद्याची पात. बटाटा घातलेला तुकुमानवाल्यांना अजिबात चालत नाही म्हणे, तो शेजारच्या साल्तावाल्यांचा, त्यावरनं त्यांची जुंपते, आपल्याकडं नाही का रश्श्यावरनं भांडतात तसंच. सारण आधी फ्रीजमध्ये गार करून चरबी थिजवायची, मग पारीत भरून कडेला आपल्या करंजीसारखी मुरड, ती पण तेरा चुण्यांची. भट्टी कडक पाहिजे, 220 च्या आसपास, नायतर पारी धरायच्या आधीच चरबी वितळून बाहेर. आता कळलं त्याचे ट्रे का वाया जात होते ते.

पहिला घास घेतला अन् रस थेट मनगटावरनं कोपरापर्यंत. पोरगं हसलं, काका पाय फाकवून, पुढं वाकून खायचं असतं, तिकडंपण तसंच खातात. मटणाचा एक नंबर, जिऱ्याचा वास आधी येतो आणि तिखट मागून हळूच. मक्याचा मला तेवढा नाही जमला, पांढऱ्या सॉसमुळं गुळमट लागला, मिरची पाहिजे होती. पण व्हेजला तो काट्यानं दाबून कडा बंद करतो आणि मटणाला हातानं मुरड, हे लय आवडलं, कारण गुरुवारवाल्याच्या हातात चुकून मटण गेलं तर ट्रकच बंद करावा लागेल त्याला.

पैसे घ्यायला तयार नव्हता, मी म्हणलं माझा चार्ज वेगळा अन् तुझा माल वेगळा. घरच्यांसाठी मटणाचे बांधून घेतले, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, भाऊ यावर शेव टाका की थोडी. पोरानं माझ्याकडं बघितलं, काही न बोलता शेवेची बरणी काढली.