केळीच्या कागदावर वचन: पुनरुत्थान सणाच्या खेपेची नोंद

पुनरुत्थानाच्या सणासाठीची (ईस्टरची) कार्डं, केळीच्या धाग्याच्या हातकागदावर बायबलमधली वचनं लिहून करतो ती, आता लेखनापर्यंत आली आहेत. कागद वाळला, खळ (शाई फुटू नये म्हणून द्यायचा लेप) चढली, शाई ठरली. बोरूचं (काडी कापून केलेल्या लेखणीचं) काम तेवढं उरलं. हा सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मधल्या कुठल्या तरी रविवारी येतो, म्हणजे खान्देशात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. नाताळच्या थंडीत बसलेलं तंत्र या दिवसांत जसंच्या तसं चालत नाही. यंदाची नोंद त्यामुळेच लांबली आहे.

धागा

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात घड उतरला की खोड कापून बांधाला लागतं. मागितलं तर शेतकरी आनंदाने देतात, पण कापल्यापासून दोन-तीन दिवसांत ते सोलायला हवं. नंतर रस काळा पडतो आणि धाग्यावर डाग राहतात. अगदी बाहेरचे पापुद्रे राठ आणि तपकिरी, अगदी आतले पांढरे पण कमजोर. कागदाला मधले घ्या. तिरप्या फळीवर पापुद्रा पसरून बोथट पट्टीने गर खरवडायचा. धारदार सुरी धागाच कापते. खोडात बहुतेक पाणीच असतं. एक किलो कोरड्या धाग्याला सुमारे 35 ते 40 किलो खोड लागतं, त्यामुळे एका खोडावर फार आशा ठेवू नका. कपडे जुनेच घाला, केळीचा डाग धुऊन जात नाही.

शिजवणं

200 ग्रॅम कोरडा धागा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून शुक्रवारी रात्री भिजत घालायचा. शनिवारी सकाळी स्टीलच्या पातेल्यात 5 लिटर पाणी आणि 40 ग्रॅम धुण्याचा सोडा. सोडा कोरड्या भुकटीचा असेल तरच हे माप. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तो 100 ग्रॅमच्या पुढे लागतो. 'सोडा टाकला तरी शिजत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. सोडा ते खातो आणि लगदा करडा होतो. बोअरचं जड पाणी असेल तर थोडा सोडा त्यातल्या चुन्याशीच संपतो, तेव्हा 5 ते 10 ग्रॅम वाढवा. मंद उकळीवर तीन ते चार तास. धागा चिमटीत धरून ओढल्यावर विनासायास सुटला की उतरवायचं. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

मग धुणं, आणि इथे घाई महागात पडते. सोडा राहिला तर खळ नीट बसत नाही. तपासायला वेगळा कागद विकत आणायची गरज नाही: चिमूटभर हळद धुतलेल्या पाण्यात टाका. पाणी पिवळं राहिलं तर झालं, तांबूस झालं तर आणखी धुवा. कुंकू हळदीपासून होतं, ते याच गुणामुळे.

लगदा

शिजून धागा 120 ग्रॅमच्या आसपास उरतो. त्यात 80 ग्रॅम सुती चिंधी, म्हणजे 60 ला 40 हे प्रमाण. नुसत्या केळीचा कागद वाळताना फार आकसतो आणि बोरूखाली कडकड वाजतो. सुताने तो मऊ पडतो. जुनं धोतर किंवा मलमल उत्तम. पॉलिस्टर मिसळलेलं कापड चालत नाही, त्याचे तंतू एकमेकांना धरत नाहीत. चिंधीचे सेंटिमीटरभर तुकडे करून रात्रभर भिजवा.

मिक्सरमध्ये घालण्याआधी धागा धोपाटण्याने पाऊण तास कुटायचा. हे टाळलं तर कागद होतो, पण फाटका होतो: मिक्सर तंतू आखूड करतो, कुटण्याने तंतूची टोकं पिंजतात आणि ती पिंजलेली टोकंच पान धरून ठेवतात. मिक्सरच्या भांड्यात मूठभर लगदा, तीन-चतुर्थांश पाणी, 15 सेकंदांचे तीन-चार फेरे. प्रत्येक भांड्यानंतर मोटर थंड होऊ द्या.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) शिंदीची पाती घरात क्रूसाजवळ खोचलेली असतील, तर तीही या लगद्यात घालता येतात. काही मंडळ्यांमध्ये ती राखेच्या बुधवारसाठी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसासाठी) जाळतात, तिथे आधी पाळकांना विचारा. पाती 5 मिलिमीटरपेक्षा मोठी नको आणि वेगळ्या पातेल्यात अर्धा तास उकळून पाणी फेकलेलं हवं. नाहीतर ओल्या पानात तिचा तपकिरी रंग पसरतो. पातीचा तुकडा अक्षराखाली आला तर बोरू अडखळतो, म्हणून अशी पानं मागच्या पानासाठी बाजूला काढायची.

पान उचलणं

साचा सागवानाचा, आतलं माप 15 × 21 सेंटिमीटर. जाळी डासांची नायलॉनची, ढोलासारखी ताणलेली, खाली दोन आडव्या पट्ट्या. खिळे पितळी किंवा स्टेनलेस. लोखंडी असतील तर पहिल्याच पावसाळ्यानंतर प्रत्येक पानावर गंजाचा ठिपका. एवढ्या पानाला 150 जीएसएम (चौरस मीटरला 150 ग्रॅम) जाडीसाठी सुमारे 4.7 ग्रॅम कोरडा लगदा लागतो, म्हणजे वरच्या 200 ग्रॅममध्ये चाळीसेक पानं. टबात 15 लिटर पाणी, आणि दर तीन-चार पानांनंतर लगद्याचा एक मग. तो विसरलं की पानं हळूहळू पातळ होत जातात, आणि ते वाळल्यावरच कळतं.

साचा तिरपा बुडवून आडवा सरळ वर. पाणी जाळीवर असेपर्यंतच डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलकं हलवायचं. पाणी उतरल्यावर हलवलं तर पानात चिरा पडतात. पान ओल्या मलमलीवर उतरवा, वर दुसरी मलमल, अशी थप्पी. दोन प्लायच्या मध्ये ठेवून चारही कोपऱ्यांना क्लॅम्प, दर दहा मिनिटांनी थोडं आवळत.

शनिवारी संध्याकाळी थप्पी दाबाखाली गेली की ती रविवारी दुपारपर्यंत तशीच राहू द्यायची. उपासना, रविवारची शाळा, तरुण संघ हे सगळं त्यात बसतं. ज्यांना हा छंद रविवार खातो असं वाटतं, त्यांनी हा क्रम करून पाहावा. वेळ हवा असतो तो दाबाला, तुम्हाला नाही.

वाळवणं आणि खळ

या खेपेतला मोठा बदल इथला. नाताळात पानं गच्चीवर चालतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो आणि पान वाटीसारखं वळतं. उपाय एकच: दाबातून निघालेलं पान काचेवर किंवा सनमायकावर ब्रशने चिकटवून सावलीत वाळवणं. सुकलं की आपोआप सुटतं. कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या दमट हवेने एक बाजू फुगते, दुसरी आकसते.

खळीशिवाय शाई फुटते. 1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम जिलेटिन. थंड पाण्यात अर्धा तास फुगवून मग कोमट करायचं, उकळायचं नाही, उकळलेल्या जिलेटिनची पकड जाते. पानं वाळून आठवडा झालेला असावा. उन्हाळ्यात खळ पहाटे लावा आणि पानं आडवीच ठेवा; टांगली तर गरम हवेत खळ गोठत नाही, खालच्या कडेला उतरते. जिलेटिन नको असेल त्यांनी 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर शिजवून घ्यावं, पण त्या खळीला कसर लागते. डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवा. तुरटी मिसळायचा सल्ला सर्रास मिळतो. तुरटी आम्लधर्मी आहे, कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. आम्ही ती वापरत नाही.

बोरू आणि शाई

बोरूची कांडी पूर्ण वाळलेली, करंगळीएवढी जाड. तिरका छेद, मधोमध 10 ते 12 मिलिमीटरची चीर, मग टोक पॉलिश पेपरवर सपाट. देवनागरीत जाडी रोमनच्या उलट पडते: उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमनसाठी कापलेलं टोक त्याच कोनात धरून लिहिलं की अक्षर परकं दिसतं, आणि कारण कळत नाही. लिहिण्याआधी एक फुली मारून पाहा.

शाई काजळी आणि डिंकाची. लाखेची वॉटरप्रूफ शाई चिरेत सुकते आणि बोरू कायमचा जातो. उन्हाळ्यात 30 मिलिलिटरला ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब, आणि लिहिताना पंखा बंद. घाम कागदावर पडू नये म्हणून हाताखाली कोरा तुकडा. हळदीचा रंग उजेडात उडतो. लाल हवा असेल तर गेरू.

वचन मांडणं

पान दुमडून आडवं कार्ड 148 × 105 मिलिमीटरचं होतं. दोन्हीकडे 14 मिलिमीटर समास सोडला की ओळीला 120 उरतात. अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या रुंदीच्या पाचपट, वरच्या मात्रेला दोनपट, खालच्या उकाराला दोनपट. 3 मिलिमीटरच्या टोकाने 'परमेश्वर माझा' ही ओळ 110 च्या आसपास जाते: बसते, पण श्वास घेत नाही. अडीच मिलिमीटरचं टोक नेमकं. दुसरी ओळ 'मेंढपाळ आहे'. पहिल्या ओळीत उकार नाही, त्यामुळे ओळींमधलं अंतर नऊपटीऐवजी आठपट चालतं. 'श्व'चा व खाली घेतला तर तो टोकभर उतरतो, पण मांडणी मधोमध असेल तर त्याच्या खाली 'पा' आणि 'ळ' येतात, ज्यांच्यावर मात्रा नाही. 'में'ची मात्रा आणि अनुस्वार डावीकडे मोकळे राहतात. प्रत्येक वचनाची अशी मोजणी आधी पेन्सिलने कच्च्या कागदावर करायची.

मजकूर एकाच आवृत्तीतून घ्या. जुन्या पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) प्रतींत 'कांहीं', 'उणें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत. 1962 च्या लेखननियमांनंतर ते गेले. अर्धं इकडून, अर्धं तिकडून घेतलं की ठिपके कुठे द्यायचे यात गोंधळ होतो. वचन छोटं करायला मधूनच तोडू नका. स्तोत्र 14 च्या पहिल्या ओळीत 'देव नाही' हेही शब्द आहेत, पण ते मूर्खाच्या मनातले आहेत.

कुणाला काय द्यायचं हा कौशल्याचा नाही, विवेकाचा भाग. आजाऱ्याला आणि दुःखाच्या घरी स्तोत्र 23, म्हणजे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. रोमकरांस पत्र 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) खरं असलं तरी मातीच्या दुसऱ्या दिवशी ते कार्ड हातात ठेवू नये. काही महिने जाऊ द्या. मंडळीतल्या आजीबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं नाही तर भोवतालची वेलबुट्टी कितीही सुरेख असो, कार्ड फसलं. आठवडाभर एकच वचन लिहा, सकाळच्या मननातही तेच ठेवा. हात स्थिरावतो, आणि शनिवारपर्यंत ते पाठ होतं.

राहिलेलं काम: दुमडीची रेघ बोथट पट्टीने आखणं. हातकागदाला यंत्राच्या कागदासारखी ठरावीक दिशा नसते, आखल्याशिवाय दुमडलं की खळ तडकते. संदर्भ मागच्या पानावर पूर्ण लिहायचा, अध्याय आणि ओवीसह. नाताळच्या खेपेसाठी कांदेबागेची (केळीच्या एका लागवड हंगामाची) खोडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरायची, आणि धुण्यासाठी पावसाचं पाणी ऑगस्टपासूनच पिंपात साठवायचं.