आठ जीबीचं कार्ड नको म्हणालो तेव्हा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि असेंब्लीचं दुकान आहे. 'जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड घालायचंय' म्हणून येणारे बहुतेक दोन जातीचे. एकांना गेम खेळायचा असतो आणि घरी 'एडिटिंगसाठी' म्हणून सांगितलेलं असतं. दुसऱ्यांना खरोखरच एडिटिंग करायचं असतं, पण एसएसडी आणि रॅम घातली की त्यांचं भागतं, कार्डाची गरजच नसते. विचारणा मात्र दोघांची सारखीच: किती जीबीचं आहे? कार्डावरच्या मेमरीच्या या जीबीपायी लोक किती फसलेत त्याला गणती नाही. जीटी ७३० नावाचं कार्ड २०१४ साली आलं, तेच मुळात तीन वेगवेगळ्या रूपांत. एकात ९६ कोअर, म्हणजे काम करणारे छोटे प्रोसेसर, दुसऱ्यात ३८४, मेमरी कुठं संथ डीडीआर३ तर कुठं वेगवान जीडीडीआर५. खोक्यावर मोठ्या अक्षरात '४ जीबी' छापलं की गिऱ्हाईक बाकीचं वाचत नाही, आणि विकणाराही वाचून दाखवत नाही.

मे महिन्यात एका दुपारी एक बाप-लेक आले. जुन्या चादरीत बांधलेलं कॅबिनेट पोराच्या मांडीवर ठेवून शिरोलीहून मोटारसायकलवर आणलेलं. मशीन २०१३ साली मामानं घरीच जोडलेलं: आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची आठ जीबीची एकच पट्टी. मामाचा हात चांगला होता. वायरी मागून फिरवून झिप टायनं बांधलेल्या, एकही स्क्रू गाळलेला नाही. आमच्याच लाईनीत बोर्डाचे नऊ स्क्रू असतील तर चार लावून मशीन देणारे महाभाग बसलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पोरगं अॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं. त्यानं इचलकरंजीतल्या कुणाचं तरी वापरलेलं एएमडीचं आरएक्स ५८०, आठ जीबी, सहा हजारांत ठरवलेलं. संध्याकाळी आणायला जायचं होतं. माझ्याकडं फक्त एवढंच विचारायला आले होते, की आहे तो एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ते कार्ड ओढेल का. म्हणजे धंदा शून्य, आणि सल्ला फुकट.

मी स्टिकर दाखवायला एसएमपीएस बाहेर काढला. हातात घेतल्यावरच कळलं, इतका हलका. वर ठळक '४५० वॅट'. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. मी बोट ठेवायच्या आत वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बारा चोक अठ्ठेचाळीस, एकशे अडुसष्ट. मग साडेचारशे कुठनं आले?"

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. दुकान चालवायला लागल्यापासून हा गुणाकार स्वतःहून करणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नव्हतं. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे मिळवून एकूण बेरीज फुगवलेली असते. "मोटर तीनची आणि प्लेट पाचची," ते म्हणाले आणि तो डबा उलटासुलटा करून बघत बसले.

आरएक्स ५८० ला कंपनीच्या आकड्याप्रमाणं १८५ वॅट लागतात, प्रोसेसरला ७७. १६८ मध्ये हे बसत नाही, यावर तिघांचंही एकमत. पोरगं लगेच म्हणालं, "मग चांगला एसएमपीएस द्या की. तीन हजार ते, सहा हजार हे. नऊ हजारांत काम झालं."

हिशेब चोख होता. कार्डाचीही चौकशी त्यानं नीट केली होती. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर रात्रंदिवस हिशेब चालवून ते चलन कमावणं, बंद झालं तेव्हा पोत्यानं कार्डं बाजारात आली, त्यात ही ५८० भरपूर. काहींत २०४८ च प्रोसेसर असतात आणि ती २३०४ वाल्याच्या भावानं खपवली जातात. पोरानं विकणाऱ्याकडून कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट मागवला होता, त्यात २३०४ दिसत होते. विकणाऱ्यानं मायनिंगला वापरलंय हेही कबूल केलं होतं, पंखे नवे टाकल्याचे फोटो पाठवले होते. म्हणजे माणूस सरळ. कार्डही अस्सल. गेमसाठी त्या पैशात त्याहून बरं मीही दिलं नसतं.

पण ब्लेंडरमध्ये सीनचं पक्कं चित्र काढायला, म्हणजे रेंडरला, सायकल्स नावाचं इंजिन असतं. म्हणून मी विचारलं, "रेंडर कशात करतोस? सायकल्सच ना?"

"हो."

"ब्लेंडर कुठलं?"

"कॉलेजात ४.२ आहे."

मग मी रॅकवरचं आरएक्स ५८० काढलं. माझ्याकडं विकायला दोन पडून आहेत. बेंचवरच्या मशीनला लावलं, ड्रायव्हर टाकला, ब्लेंडर उघडून प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीम, आणि तिथं सायकल्सचं रेंडर डिव्हाइस. एएमडीसाठी हिप नावाचा टॅब असतो. त्याखाली ओळ आली, की सायकल्सला चालेल असा जीपीयू, म्हणजे कार्डावरचा प्रोसेसर, सापडला नाही. पोरानं माऊस हातात घेऊन ड्रायव्हरची आवृत्ती बघितली, रिस्टार्ट करून बघितलं. ओळ तीच.

झालंय असं, की ब्लेंडर पूर्वी एएमडीची कार्डं ओपनसीएल नावाच्या जोडणीवरून वापरायचं. २०२१ च्या डिसेंबरात ३.० आलं त्यात ओपनसीएल काढून टाकलं आणि हिप आणलं. हिपमध्ये नवी कार्डं घेतली, ५८० ची पिढी, जिला पोलॅरिस म्हणतात, ती घेतलीच नाही. कार्ड तेच, त्याची ताकद तीच, पण रेंडरचं सगळं ओझं परत त्या जुन्या प्रोसेसरवर. पोरगं म्हणालं, मग घरी जुनं २.९३ वापरतो. ४.२ मध्ये केलेली फाइल २.९३ मध्ये उघडून बघ म्हटलं, मटेरियलचं काय होतंय ते. ते त्याला ठाऊक होतं. गप्प बसलं.

मला हे माहीत असायचं कारण माझी हुशारी नव्हे. गेल्या वर्षी घरांचे थ्रीडी व्ह्यू करणारा एक जण असंच कार्ड कुठून तरी घेऊन माझ्याकडं आला होता. 'तुम्हीच ड्रायव्हर नीट टाकला नाहीत' म्हणून भांडला होता. त्या भांडणात मी हे वाचलं.

वडिलांनी विचारलं, "मग घ्यायचं काय?"

दोन वाटा सांगितल्या. एक, हे मशीन इथंच थांबवायचं आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं वापरलेलं ऑफिसचं मशीन घ्यायचं, कार्ड पुढं बघू. त्यात माझा नफा जास्त होता. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर ११ रीतसर चढत नाही, हेही सांगितलं. दुसरी वाट एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं, ७० वॅटचं. बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवरची वायरही लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. भाव तेव्हा अठरा हजारांच्या घरात.

पोरानं मोबाईलवर शोधलं आणि म्हणालं, "यात पण २३०४च आहेत की! मग तिप्पट पैसे कशाचे?"

प्रश्न बरोबर होता. योगायोगानं आकडा अगदी तोच आहे. पण एका कंपनीचे कोअर दुसऱ्या कंपनीच्या कोअरशी मोजून उपयोग नसतो. आणि ३०५० मध्ये रे ट्रेसिंगचे, म्हणजे उजेडाच्या किरणांचा हिशेब करणारे वेगळे कोअर आहेत, ते एनव्हिडियाच्या ऑप्टिक्समधून ब्लेंडर थेट वापरतं. तोंडी सांगण्यापेक्षा त्याच्या पेनड्राइव्हमधली त्याचीच फाइल दोन्हीकडं चालवली. त्याच्या आय५ वर एक फ्रेम अकरा मिनिटांची. बेंचवर ३०५० ला तीच अर्ध्या मिनिटाच्या आत. प्रोजेक्टचा शॉट दहा सेकंदांचा, सेकंदाला २४ फ्रेम. वडिलांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: २४० गुणिले ११, चव्वेचाळीस तास. त्याखाली दोन तास. मग बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "घाला."

मग खरी गंमत. ३०५० त्यांच्या बोर्डात घातलं, पंखा फिरतोय, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कार्ड काढलं की बोर्डाच्या व्हीजीएवर चित्र व्यवस्थित. जुन्या एच६१ ला नवं कार्ड लावलं की दर वेळी असं होतं असं नाही, पण होतं. चित्र आधी कुठून काढायचं ती प्रायमरी डिस्प्लेची सेटिंग बदलून, बोर्डाचा सेल काढून बघितला, फरक नाही. बोर्डावर २०१२ चं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम, होतं आणि कंपनीच्या साइटवर शेवटचं २०१३ चं सापडलं.

बायोस अपडेट आमच्या लाईनीत पुष्कळ जण पेनड्राइव्ह लावून, देवाचं नाव घेऊन करतात. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मेला, मग गिऱ्हाइकाला 'बोर्ड आधीच वीक होता' हे ऐकवायला मोकळे. माझी पद्धत वेगळी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. या बोर्डात आठ पायांची बायोस चिप सॉकेटमध्ये असते, ती अलगद काढायची, प्रोग्रामर नावाच्या चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रावर चढवायची आणि आधी आहे ते सगळं वाचून घ्यायचं. एकदा वाचून भागत नाही. दोनदा वाचून दोन्ही फाइल ताडून बघायच्या. पिन नीट टेकली नसेल तर वाचलेलंच खोटं येतं. शिवाय बाजारात मिळणारा स्वस्त काळा प्रोग्रामर डेटाच्या पिनांवर पाच व्होल्ट सोडतो आणि चिप असते ३.३ व्होल्टची. माझ्याकडच्याचा ट्रॅक कापून मी तो दुरुस्त करून घेतलाय. हे वडिलांना दाखवल्यावर त्यांनी पहिल्यांदाच चहा घ्यायला होकार दिला.

मूळ प्रत हातात आल्यावर चिप परत बसवली. त्यांचा एसएमपीएस बाजूला ठेवून माझ्या बेंचवरचा जोडला आणि अपडेट सुरू केलं. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलेलं. स्क्रीनवर अपडेटची पट्टी निम्म्यावर असताना लाईट गेली. ट्यूब विझली, इन्व्हर्टर टक्‌ करून चालू झाला, पट्टी पुढं सरकत राहिली. वडील म्हणाले, "चेंजओव्हरला त्यांचं काय झालं असतं ओ?" 'त्यांचं' म्हणजे त्या हलक्या डब्याचं. बदलीच्या त्या काही मिलिसेकंदांत आतल्या कपॅसिटरनं तग धरावा लागतो आणि त्याच्या आत काय दर्जाचा कपॅसिटर होता हे वजनावरूनच दिसत होतं. मी म्हटलं, बंद पडलं असतं, पण प्रत आपल्याकडं आहे, परत लिहिलं असतं. ते मान डोलावून म्हणाले, "हे बरं केलंसा."

रिस्टार्ट झालं आणि चित्र आलं. नवा एसएमपीएस, डीडीआर३ची आणखी एक पट्टी, कार्ड. बायोसच्या कामाचे किती लावायचे हे मला कधीच सुचत नाही, बिलात त्याला रकानाच नसतो. सर्व्हिसिंग म्हणून काहीतरी लिहिलं. त्यांनी न विचारता त्यात भर घालून दिले आणि जुना एसएमपीएस उघडून बघायला म्हणून मागून नेला.

कार्ड त्यांनी घेतलं ते बरोबरच, पुढच्या मशीनला ते लागेल. माझ्या डोक्यात राहिलंय ते दुसरंच. त्या ५८० च्या व्यवहारात कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. विकणारा सरळ, कार्ड अस्सल, पोरानं बघितलेले व्हिडिओ खरे, कारण ते गेमचे होते. तरी सहा हजार पाण्यात गेले असते आणि पोराला वाटलं असतं आपल्यालाच ब्लेंडर जमत नाही. फोनवर 'कुठलं कार्ड घेऊ' विचारणाऱ्यांना मी रोज दोन वाक्यांत सांगतो. त्यातल्या कितींना माझं उत्तर लागू पडतं हे मला कळायला मार्गच नाही. तक्रार घेऊन येणारा तेवढा कळतो.

रॅकवरची दोन्ही ५८० अजून तिथंच आहेत. आज सकाळी एक जण आला आणि त्यातल्या एकाकडं बोट दाखवून भाव विचारला. मी म्हटलं, "कशाला वापरणार?"

"ते तुम्हाला काय करायचंय? भाव सांगा की."

सांगितला.