शनिपाराशी थांबलेली आई

मंडईतून घरी यायला आईला कधी पंधरा-वीस मिनिटांच्या वर लागली नाहीत. त्या गुरुवारी दीड तास झाला. शेवटी शनिपाराशी सापडली. हातात मेथीची जुडी, चेहऱ्यावर ओशाळं हसू. "अगं, इथून उजवीकडे की डावीकडे, तेच सुचेना."

मी चिडले. (आता त्याची लाज वाटते.) कारण याच बाईला १९६१ च्या पानशेतच्या पुरात कुणाच्या वाड्यात पाणी कुठवर चढलं होतं ते लख्ख आठवतं. मग रोजचा रस्ता कसा विसरते?

तपासण्या झाल्या. अल्झायमरची सुरुवात. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला: नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला लागून एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो, या आजाराची झळ बहुतेकदा तिथेच आधी लागते. दिशा आणि अंतराचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी तिथे असतात. त्यांच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे जुन्या आठवणी शाबूत, पण डोक्यातला नकाशा पुसट.

फोनमधला नकाशा मी शिकवून पाहिला. फोन पिशवीत आहे हेच ती विसरते.

आता मंडईत आम्ही दोघी जातो. मी मुद्दाम एक पाऊल मागे राहते. परवा चौकात ती थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "चल गं, तुला काही रस्ता माहीत नाही."

बरोबर वळली.