पश्चिमेची भिंत

ऑगस्टमधला मंगळवार, सकाळचे सात. गुरुजींचा फोन. "या एकदा. तुम्ही लावलेला दगड खाली आलाय." एवढं बोलून ठेवून दिला. शिक्षक माणूस आवाज न चढवता बोलला की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

गुरुजींचं घर केळघर घाट चढून महाबळेश्वरकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत. तीन वर्षांपूर्वी मीच बांधलेलं. माझी बाकी सगळी कामं साताऱ्यात, गोडोली-शाहूपुरी भागात. वरच्या अंगाला ही एकच साइट. साताऱ्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरात साडेपाच हजाराच्या घरात, आणि तिकडे माणमध्ये जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यात! हे आकडे मला पाठ होते. तरी बांधताना मी ते घर शाहूपुरीत असल्यासारखंच बांधलं.

पोचलो तेव्हा धुक्यात हेडलाइट लावूनच गाडी लावली. पश्चिमेच्या भिंतीवरचा खाटेएवढा पट्टा खाली आला होता. काळ्या दगडाच्या टाइल्स चिखलात पालथ्या पडलेल्या. एक उचलली. पाठ गुळगुळीत, मशिनवर कापलेली, आणि तिला सिमेंटचा कणही चिकटलेला नाही. वर हिरवं शेवाळ. म्हणजे टाइल पडली त्या रात्री, पण सुटली होती कधीच. उघड्या पडलेल्या गिलाव्यात स्क्रूड्रायव्हर टोचला, तो पाघळलेल्या गुळात जावा तसा आत गेला.

काय झालं होतं ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. काळा दगड पाणी पीत नाही, म्हणून तो लावला. पण पाणी न पिणाऱ्या गुळगुळीत पाठीला सिमेंट तरी काय धरणार? झडीचा पाऊस वाऱ्यासकट टाइल्समधल्या फटींतून आत घुसला आणि मागे साचला. वर शहाणपणा करून मी सगळ्यावर सिलिकॉनचा हात मारला होता. बाहेर पडायची वाटच बंद. आत गुरुजींच्या कपाटाचा प्लाय फुगून दार लागत नव्हतं, आणि त्यांनी नोकरीभर जपलेल्या हजेरीवह्यांना बुरशी आली होती. त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर धरली. बोलले काहीच नाहीत.

चहा झाल्यावर नवीन काय लावायचं यावर बोलणं निघालं. पुण्याहून गुरुजींच्या मुलाचा व्हिडिओ कॉल. त्याला चकचकीत एसीपी, म्हणजे दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं पॅनेल, हवं होतं. मी म्हटलं, आत प्लॅस्टिकचा गर असलेलं एसीपी राहत्या घराला मी लावणार नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली, ती असल्याच पत्र्यांवरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. मग त्यानं अमेरिकेतल्या घरांचे फोटो पाठवले, व्हायनिलच्या पट्ट्यांचे. छान दिसतात, पण ते बसवणारे कारागीर मी मेढ्यात कुठून आणू? मी फायबर सिमेंट बोर्ड सुचवला.

गुरुजी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही शब्द दिला होता. आता पुरावा द्या."

निघायचं म्हणेपर्यंत घाटात दरड आल्याची बातमी आली. रस्ता बंद. मग पुराव्याला वेळच वेळ. गाडीत बोर्डाचा आणि डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या पट्टीचा तुकडा होता. कुंपणाच्या गडग्यातला जांभा, एक वीट आणि पडलेली टाइल गुरुजींनी आणली. ऑगस्टात तिकडे कोरडं काहीच नसतं, म्हणून सगळं दुपारभर चुलीच्या वैलावर शेकवलं. किराणा दुकानातून वजनकाटा आला. एकेक तुकडा मोजला, गुरुजींनी खडूनं नंबर घातले, आणि सगळे बादलीत बुडवले. नियमानं चोवीस तास ठेवायचे असतात, ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा परत ओट्यावर. दगड जवळपास होता तेवढाच. डब्ल्यूपीसीही तसंच. जांभा किलोला शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी पिऊन बसला होता, वीट त्याहून जास्त. आणि माझा बोर्ड? चारशे ग्रॅमचा तुकडा, पाचशे वीस भरला.

"म्हणजे सगळ्यात नापास तुमचाच," गुरुजी म्हणाले.

मला उत्तर माहीत होतं, पण मागच्या वेळीही ते माहीतच होतं. मी गप्प बसलो. कोपऱ्यात गुरुजींची आई वाती वळत बसल्या होत्या. वय नव्वदीच्या आसपास. त्या म्हणाल्या, "आरं, आमी पावसाच्या आदी भितीला गवताच्या झडी बांदायचो. झडी काय भिजत नव्हती व्हय? चिप्प भिजायची. पर ती भितीला कुनी चिटकिवत न्हाई. बांबूवर बांदायची, भितीपास्नं हातभर लांब. मागनं वारं जातंय. भित कोरडी."

बारीक आवाजात सांगितलं आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

मग कागद घेतला. भिंतीला जस्त चढवलेल्या लोखंडाचे उभे जीआय चॅनल, दोन-दोन फुटांवर. त्यावर बोर्ड, म्हणजे भिंत आणि बोर्ड यांच्यात इंचभर पोकळी. वरून हवा निघेल, खालून पाणी निथळेल, आणि खालच्या फटीला जाळी, नाहीतर उंदीर आणि इंगळ्या बिऱ्हाड करतील. बोर्ड कापला की कडा उघडी पडते आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पिते, म्हणून प्रत्येक कडेला प्रायमर. स्क्रू स्टेनलेसचे. खिडकीच्या डोक्यावर पत्रा वाकवून पागोळी बाहेर टाकायची. हे शेवटचं तीन वर्षांपूर्वीही करायला हवं होतं. डब्ल्यूपीसीही असंच टांगता आलं असतं, पण एप्रिलच्या उन्हात लांबतं, आणि ती भिंत दुपारनंतर तापते.

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. "आणि कधी लावणार?"

दिवाळीनंतर. आधी सुटलेला गिलावा खरवडायचा, भिंत वाळू द्यायची. ओल्या भिंतीवर काहीही लावलं तरी ती आतूनच कुजते. तोवर काय, हा प्रश्न होता. ताडपत्री मला नको होती. ती भिंतीला चिकटून बसते. आजींनी गोठ्याच्या माळ्याकडे हात केला. तिथं गेल्या साली गुरांसाठी बांधलेल्या झडी गुंडाळून ठेवल्या होत्या.

गुरुवारी दरड निघाली. निघण्याआधी गुरुजी, शेजारचा एक पोरगा आणि मी अशा तिघांनी त्या पश्चिमेला बांधल्या. बांबू भिंतीपासून किती लांब ठेवायचा ते आजी खिडकीतून सांगत होत्या. बांधून झाल्यावर मागे हात घालून बघितला. बाहेर आडवा पाऊस चालू होता. आत हाताला नुसतं गार वारं लागलं.

बोर्ड जानेवारीत बसला. मजुरी मी मागितली नाही, गुरुजींनीही द्यायचं नाव काढलं नाही. पडलेल्या टाइल्स त्यांनी गोठ्याच्या वाटेवर पालथ्या अंथरल्यात. म्हणतात, "इथं मात्र चांगल्या बसल्या."