ग्राफ काढून दाखवा

गणितातला असा विषय का धरला आणि अजून का सोडला नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेजारच्या काकू "उपयोग काय गं त्याचा?" एवढ्यावर थांबतात. स्टाफरूममधले थांबत नाहीत: "ज्या फंक्शनचा ग्राफसुद्धा निघत नाही, त्याच्यावर पीएचडी कशाला केलीत मॅडम?" सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहणारा माझा भाऊही हेच विचारतो, फक्त हसत.

आधी त्यालाच सांगते. एकाच मालाची दोन पोती एकत्र तोला नाहीतर वेगवेगळी, पैसे तेवढेच. फ्रेंच गणिती कोशीचं समीकरण एवढंच म्हणतं: फंक्शनने बेरीज जपावी. पण यावरून किंमत म्हणजे दर गुणिले वजन हे निघतं का? परिमेय, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या वजनांपुरतं निघतं. बाकीच्यांसाठी १८२१ मध्ये कोशीने सातत्य, म्हणजे किंमत मध्येच उडी मारत नाही हे, गृहीत धरलं. भावाला तेवढंही लागत नाही. किंमत कधी ऋण नसते, एवढ्यावर त्याचं भागतं. काहीच गृहीत धरलं नाही तर मात्र हातात काय येईल सांगता येत नाही. जर्मन गणिती हामेलने १९०५ मध्ये दाखवलेलं फंक्शन हेच समीकरण पाळतं, पण सरळ रेषा नसतं; त्याचा ग्राफ अख्ख्या प्रतलात विखुरलेला असतो. कितीही बारीक वर्तुळ काढा, आत त्याचा बिंदू असतोच.

माझा विषय याच्या पुढचा, जनरलाइज्ड पॉलिनॉमिअल, म्हणजे सातत्याची अट काढून घेतलेल्या बहुपदी. आणि तो का सोडला नाही, हे त्या मुलाखतीशिवाय सांगता येणार नाही.

कायम जागा होती. तासिका तत्त्वावर शिकवून मी मेटाकुटीला आले होते. कमिटीतल्या एका सरांनी प्रबंध न उघडताच म्हटलं, "एक उदाहरण द्या." मी फळ्यावर लिहिलं: अ हे बेरीज जपणारं फंक्शन, अ(१) = १, अ(√२) = ०. आता त्याचा वर्ग घ्या.

"हा तर क्षचा वर्गच की."

परिमेय संख्यांवर हुबेहूब तोच. एक-एकच्या पावलांनी गेलात तर ०, १, ४, ९, फरक १, ३, ५, त्यांचे फरक २, २, मग शून्य. √२ च्या पावलांनी जा, पहिल्यापासून सगळं शून्य. कुठूनही निघा, कुठल्याही मापाचं पाऊल टाका, तिसरा फरक शून्यच येणार. दुसऱ्या घाताच्या बहुपदीकडून फ्रेंच गणिती फ्रेशेने १९०९ मध्ये एवढीच अपेक्षा ठेवली होती, जोडीला सातत्याची. सातत्य काढून घेतलं की हे असं काहीतरी उरतं.

"ग्राफ काढून दाखवा."

निघत नाही, म्हटलं.

"बरं, पायला (π) किंमत किती येते?"

"ऋण सोडून तुम्ही सांगाल ती."

मला उद्धटपणा करायचा नव्हता. परिमेय संख्या आणि √२ च्या परिमेय पटी, यांच्या कुठल्याच बेरजेत π बसत नाही. म्हणून तिथली अ ची किंमत खरोखर मोकळी असते. हे वाक्य पुरं व्हायच्या आत हशा पिकला. "मॅडम, आम्हाला प्राध्यापक नेमायचाय," सर म्हणाले. शिपायाने पुढच्या उमेदवाराला हाक मारली. मी फळा पुसायला डस्टर शोधत होते, तर एकजण म्हणाले, राहू द्या, कोणीतरी पुसेल. जागा गेल्याचं इतकं लागलं नाही, जितकं ते "राहू द्या" लागलं.

त्या वयात मला कोणी उपयोग विचारला की मी सौंदर्याबद्दल बोलायची. आता ते मला स्वतःलाच ऐकवत नाही. सौंदर्य दिसलं नाही तर समोरचा कमी प्रतीचा, असा त्यात एक छुपा टोमणा होता. आता एवढंच सांगते: "ऋण नाही" ही भावाची अट पहिल्या घाताला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. फळ्यावरचं ते फंक्शन कुठेच ऋण होत नाही, तरी बेलगाम ते बेलगामच. असं एखादं फंक्शन कुठल्याशा एका छोट्या अंतरात वरूनही बांधलेलं आहे असं कळलं, की ते लगेच शाळेतली बहुपदी होतं. कुठली अट किती घातापर्यंत पुरते, हे तपासणं मला पोकळ वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर वाटो.

तरीही सर पूर्ण चुकले होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. हे फंक्शन सगळ्या वास्तव संख्यांवर पसरवायला अ‍ॅक्सिअम ऑफ चॉइस लागतो, म्हणजे कितीही संच असले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो हे गृहीतक. अमेरिकन गणिती सोलोव्हेने १९७० मध्ये गणिताची अशी एक व्यवस्था उभी केली, जिथे तो नाही, आणि जिथे बेरीज जपणारं प्रत्येक फंक्शन निमूट सरळ रेषा असतं. तिथे माझा निम्मा प्रबंध रिकाम्या संचाबद्दल आहे. मग मी "आहे" म्हणते ते नेमकं कुठे आहे? सरांनी हे विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोलले असते, ते मला अजूनही सुचलेलं नाही, आणि भावाला तर हे मी सांगितलेलंच नाही.