जगाचा इतिहास मक्यापासून का?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न ठरलेलाच. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कधी आयोजकच आभार मानता मानता विचारतात: "मॅडम, जगाचा इतिहास म्हटलं की इजिप्त, रोम, चीन, सिकंदर. तुम्ही मक्याचं कणीस हातात घेऊन सुरुवात का करता?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस लिहिते, कारण सभागृहातल्या दोन मिनिटांत हे उत्तर मावत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मका रानात सापडत नाही. गहू, तांदूळ, बाजरी यांचे रानटी भाऊबंद पाहिले की नातं चटकन ओळखू येतं. मक्याचा पूर्वज मात्र मेक्सिकोत उगवणारं तेओसिंते नावाचं गवत आहे, आणि ते शेजारी ठेवलं तरी कुणाला खरं वाटत नाही. त्याच्या इवल्याशा कणसात पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात बंद असतो. पिकलं की कणीस आपसूक मोडतं आणि दाणे मातीत विखुरतात. यातून मका निघाला हे शास्त्रज्ञांनाही बराच काळ पटत नव्हतं. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज बीडल यांनी १९३० च्या दशकात ते ठामपणे मांडलं. पुढे दुसऱ्याच संशोधनासाठी १९५८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण निवृत्त झाल्यावर ते परत या गवताकडे वळले. मका आणि तेओसिंते यांच्या संकराच्या सुमारे ५०,००० रोपांची त्यांनी छाननी केली. साधारण पाचशे रोपांमागे एक अस्सल मक्यासारखं आणि एक अस्सल तेओसिंतेसारखं निघालं. याचा अर्थ, दिसायला एवढा मोठा असलेला फरक मुख्यतः चार-पाच जनुकांचा होता. दाण्याभोवतीचं कवच काढून टाकणारं जनुक पुढे सापडलंही.

ते चार-पाच बदल हेरले कुणी? मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या माणसांनी. त्या भागातल्या एका खडकाच्या कपारीत दळायचे दगड मिळाले. त्यांवर मक्याच्या पिठाचे सूक्ष्म कण चिकटलेले होते, सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे. मेक्सिकोतल्याच ओआहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत तर प्रत्यक्ष कणसंच मिळाली. ती सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि करंगळीपेक्षा लहान आहेत. तिथपासून आजच्या भरघोस कणसापर्यंत दर हंगामात कुणीतरी बियाण्यासाठी चांगलं कणीस बाजूला काढून ठेवलं. या माणसांची नावं नाहीत, शिलालेख नाहीत. पण मला विचाराल तर माणसाने केलेल्या सगळ्यांत धाडसी कामांपैकी हे एक आहे. आजचा मका माणसावाचून जगूच शकत नाही. पानांच्या आवरणात गुंडाळलेलं कणीस तसंच जमिनीवर पडलं, तर शेकडो कोंब एकाच जागी फुटून एकमेकांना मारतात.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली आहे, आणि माझा जीव खरा तिथे गुंतलेला आहे. वाळलेला मका नुसता दळून त्याचं पीठ मळलं तर ते धड एकजीव होत नाही. मेक्सिको आणि ग्वातेमालातल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर त्यातच ठेवतात. सकाळी दाण्याची साल बोटांनी चोळली की सुटते. दाणे खळखळून धुतात आणि ओलेच दगडावर वाटतात. आपल्या पाट्यासारखाच हा दगड, फक्त तीन पायांचा आणि उतरता, त्यापुढे गुडघ्यांवर बसून वाटायचं. मग ते पीठ लवचिक होतं आणि त्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, थापता येतात. जिथे चुना नाही तिथे लाकडाची राख वापरतात. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चव आणि मऊपणा हे तिचे दिसणारे फायदे. न दिसणारा फायदा असा की मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते मिळत नाही, आणि चुना ते मोकळं करतो. नायसिन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी या बायकांनी तो प्रश्न सोडवून टाकला होता. शेतातही तेच शहाणपण दिसतं. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीत नत्र धरतो, भोपळ्याची पानं ओल राखतात. ताटातही मक्याला घेवड्याची जोड मिळते. मेक्सिकोतल्या प्राचीन तेओतिहुआकानसारखं लाखाच्या घरातल्या वस्तीचं शहर या जेवणावर उभं राहिलं.

आता १४९२. कोलंबस क्युबाला पोचला तेव्हा त्याला वाटत होतं की आपण आशियात आलोय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने दोन माणसं आत पाठवली. त्यांतला एक लुईस दे तोर्रेस. हिब्रू येते, अरामी येते, थोडी अरबीही येते म्हणून दुभाषा म्हणून आणलेला. चीनच्या सम्राटाचा, मोठ्या खानाचा दरबार लागेल, तिथे बोलायला कुणीतरी हवं, हा हिशोब! त्यांना दरबार दिसला नाही. एक गाव दिसलं, आणि स्पॅनिश लोकांनी कधी न पाहिलेलं एक धान्य तिथल्या लोकांच्या खाण्यात होतं. पुढच्याच वर्षी कोलंबस युरोपात परतला, आणि थोड्याच काळात मकाही तिकडे पोचला. पन्नास वर्षांत जर्मनीतल्या वनस्पतींच्या ग्रंथात त्याचं चित्र आलं, तेही तो तुर्कस्तानातून आलाय असं समजून. सोळाव्या शतकातच तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि चीनमध्ये पोचला. पोर्तुगीज जहाजांमागून आपल्याकडेही आला. कर्नाटकात होयसळ राजांच्या काळातल्या सोमनाथपूरच्या देवळात मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे तो तेराव्या शतकातच इथे होता, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. नुसत्या आकाराच्या साम्यावर एवढं मोठं विधान उभं राहत नाही, आणि कोलंबसाआधीचं निर्विवाद कणीस किंवा दाणा भारतात अजून हाती लागलेला नाही.

बी समुद्र ओलांडून गेलं, पण चुन्याचं पाणी मागेच राहिलं. मी मक्यापासून सुरुवात करते ती यासाठी. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश लोकांना गव्हाचा पाव हवा होता, चर्चच्या प्रसादालाही गहूच लागायचा. मका खाणं त्यांच्या लेखी हलकं, मग तो शिजवणाऱ्या बाईला कोण विचारणार? १५२० साली अॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तितलानमध्ये देवीची साथ आली, पुढच्या वर्षी शहर पडलं, आणि ज्यांना विचारता आलं असतं ते लोकही हजारोंनी मेले.

उत्तर इटलीत, उत्तर स्पेनमध्ये गरिबांच्या पोटात मका गेला. मक्याने माणसं जगवली, हेही तितकंच खरं. कमी जमिनीत जास्त धान्य देणारं पीक दुष्काळात देवासारखं वाटलं असणार. पण गहू जमीनदाराकडे आणि मका मजुराच्या घरी, अशी वाटणी झाली की वर्षाचे बारा महिने मक्याची लापशीच. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने अस्तुरियास भागात एक नवा रोग नोंदवला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उठतो. मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने हजारो माणसं मारली, आणि डॉक्टर त्याला संसर्गजन्य समजत होते.

१९१४ साली अमेरिकन सरकारने डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत फिरताना त्यांच्या लक्षात आलं की रोग तिथे राहणाऱ्यांना होतो, काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला असता का? फरक जेवणाचा होता. लोकांना पटवायला त्यांनी १९१६ साली स्वतःला, पत्नी मेरीला आणि सहकाऱ्यांना रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. १९२९ साली ते वारले. नायसिनच्या अभावाने हा रोग होतो हे १९३७ साली सिद्ध झालं. कासालच्या नोंदीपासून दोनशे वर्षं गेली, आणि या सगळ्या काळात मेक्सिकोतली खेड्यातली बाई रोज सकाळी त्या रोगाचा उपाय धुऊन वाटत होती.

"मग गहू का नाही?" असंही कुणीतरी विचारतं. गहूही दहा हजार वर्षांचा आहे, पण पश्चिम आशियातून तो हळूहळू, एका शेतकऱ्याकडून शेजारच्या शेतकऱ्याकडे सरकत गेला. त्याच्याबरोबर दळणं, आंबवणं, भाजणं सगळं सरकलं. अमेरिका खंडातही मका असाच सरकला, म्हणून उत्तरेकडच्या जमातींकडे राखेत मका शिजवण्याची रीत आहे. १४९२ नंतर मात्र वस्तू काही आठवड्यांत महासागर पार करू लागल्या, आणि त्या कुणाच्या, कशा वापरायच्या, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

आपल्याकडचा शेतकरी आज याच प्रवासाचा पुढचा भाग भोगतो आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत दिसली, २०१८ साली कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरून आतून पान खाते, वर लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसते. मध्य अमेरिकेतले छोटे शेतकरी तिला मारायला पोंग्यात माती, राख किंवा चुना टाकतात. आपले कृषी शास्त्रज्ञही आता नऊ भाग बारीक वाळू आणि एक भाग चुना पोंग्यात टाकायला सांगतात. पुढच्या व्याख्यानाला तुमच्यापैकी कुणी हा उपाय करून पाहिला असेल तर हात वर करा. तुमच्या शेतात काय झालं ते मला ऐकायचं आहे.